क्रोमवरचे मीठ : ट्रकवरचा हिवाळी मळ आणि तो काढण्याच्या पद्धती

अमेरिका आणि कॅनडाच्या बर्फाळ पट्ट्यात नोव्हेंबर ते एप्रिल या काळात रस्त्यावर असलेल्या कोणत्याही ट्रकच्या बंपरवर बोट फिरवा, बोटाला करडा, किंचित चिकट लेप लागतो. वाळला की तो पांढुरका दिसतो आणि लोक त्याला सरसकट धूळ म्हणतात. खरे तर त्यात धूळच सर्वांत निरुपद्रवी. मीठ, मिठाच्या पाण्यात भिजलेली माती आणि बारीक वाळू, डांबरातून सुटलेला तेलकट अंश, डिझेलची काजळी, टायरचे झिजलेले रबर, ब्रेकमधून उडालेला लोखंडी भुगा, असे सगळे त्यात एकमेकांना धरून बसलेले असते. हा मळ चकचकीत क्रोमचे काय करतो, तो कशाने निघतो आणि काढण्याच्या नादात लोक स्वतःच कोणते नुकसान ओढवून घेतात, यावर ट्रकवाले, धुलाई केंद्रे आणि रसायने विकणारे यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. त्या मतांची छाननी करण्याचा हा प्रयत्न आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : या कामात पॉलिशच्या डबीला नको तितके आणि साध्या पाण्याला फार कमी महत्त्व दिले जाते. डिसेंबरात वेळेवर मारलेले पाणी मेमधल्या दिवसभराच्या घासण्यापेक्षा जास्त क्रोम वाचवते.

रस्त्यावर मीठ टाकण्याची चाल फार जुनी नाही. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये ती प्रयोग म्हणून सुरू केली. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या सगळ्या महामार्गांवर मिळून सुमारे ५ हजार टन मीठ पडले. युद्धानंतर महामार्गांचे जाळे वाढले, बर्फ पडला तरी रस्ता काळाच दिसला पाहिजे अशी अपेक्षा रूढ झाली, आणि आज हा आकडा वर्षाला दीड ते अडीच कोटी टनांच्या घरात आहे. कॅनडात साधारण ५० लाख टन मीठ रस्त्यावर जाते. तिथल्या पर्यावरण खात्याने २००१ मध्ये रस्त्यावरचे मीठ पर्यावरणाला घातक असल्याचा निष्कर्ष काढला, तरी मीठ बंद झाले नाही आणि होणारही नाही. त्याने माणसांचे जीव वाचतात, आणि त्याच्याइतके स्वस्त दुसरे काही हाताशी नाही. गाडीच्या धन्याने हे गृहीत धरूनच पुढचा विचार करायला हवा.

मीठ एकच नसते

गोंधळाची सुरुवात इथून होते. खाण्याचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ते उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली फारसे काम देत नाही. म्हणून कडक थंडीच्या भागांत मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात, बहुतेक वेळा पातळ द्रावण करून फवारतात. मॅग्नेशियम क्लोराइडचे पुरेसे तीव्र द्रावण उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही, कॅल्शियम क्लोराइडचे तर उणे ५० च्याही खाली पातळ राहते. काही ठिकाणी या द्रावणात बिटाच्या साखर कारखान्यात साखर काढून उरलेला रस मिसळतात, म्हणजे ते रस्त्याला धरून राहते. जे रस्त्याला धरते ते बंपरलाही धरते.

गाडीच्या दृष्टीने याहून मोठा फरक हवेतल्या ओलाव्याशी संबंधित आहे. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय स्वतःहून पाणी ओढत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांवरच ओले होऊ लागते, कॅल्शियम क्लोराइडचेही तसेच. म्हणजे साध्या मिठाचा थर कोरड्या हवेत खरोखर वाळतो आणि त्याचे काम तात्पुरते थांबते. मॅग्नेशियमचा थर डोळ्यांना वाळलेला दिसला तरी ओलाच असतो. गंजायला लागते ते पाणी आणि क्लोराइड, आणि इथे ही दोन्ही चोवीस तास हजर असतात.

ट्रकवाले आणि रस्ते खाते यांच्यात गेली कित्येक वर्षे चाललेल्या भांडणाचे मूळही यातच आहे. ट्रकवाले म्हणतात, मॅग्नेशियम आले आणि आमच्या गाड्या खाल्ल्या. अधिकारी चाचणीचे कागद पुढे करतात. वायव्य अमेरिकेतल्या राज्यांनी मिळून ठरवलेल्या निकषाप्रमाणे, गंजरोधक मिसळलेले क्लोराइड द्रावण साध्या मिठापेक्षा पोलादाला किमान ७० टक्के कमी गंजवणारे असले पाहिजे, आणि बाजारातली मान्यताप्राप्त द्रावणे ती परीक्षा पास होतात. खोटे कोणीच बोलत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातले युनपिंग शी आणि झाओहुई शिए यांनी राज्याच्या वाहतूक खात्यासाठी २००२ मध्ये केलेल्या अभ्यासात याचा उलगडा आहे. धातू द्रावणात बुडवून ठेवला किंवा कोरड्या हवेत ठेवला तर सोडियम क्लोराइड जास्त गंजवते. दमट हवेत ठेवला तर मॅग्नेशियम क्लोराइड पुढे जाते. बंपर बादलीत बुडवलेला नसतो, तो दमट हवेत उभा असतो. म्हणून या वादात मी ट्रकवाल्यांच्या बाजूने आहे.

यातून निघणारा एक व्यवहारी निष्कर्ष अनेकांना उलटा वाटतो. मिठाने माखलेला ट्रक उबदार गॅरेजमध्ये नेऊन ठेवणे ही त्याची काळजी घेणे नव्हे. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुपटीने वाढतो, हा ढोबळ नियम इथेही लागू पडतो. बाहेर उणे पंधरात उभा असलेला मळका ट्रक जवळजवळ थिजलेला असतो. तोच ट्रक दहा-बारा अंशांच्या गॅरेजमध्ये आणला की बर्फ वितळतो, हवा दमट होते आणि मीठ कामाला लागते. गॅरेज असेल तर आधी धुऊन मग आत आणावा. धुणे शक्य नसेल तर त्या रात्री बाहेर ठेवलेला बरा.

चमकते ते नेमके काय

क्रोमियम हा धातू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ याने अठराव्या शतकाच्या शेवटी शोधला. वस्तूंवर त्याचा व्यवहारी मुलामा चढवण्याची पद्धत मात्र १९२४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांच्या कामातून पुढे आली. काही वर्षांतच मोटारींवरचे निकेल मागे पडले आणि क्रोम आले. निकेलवर डाग पडत, ते सारखे घासावे लागे. क्रोम नुसते पुसले तरी पुरत असे.

पण ज्याला आपण क्रोमचा बंपर म्हणतो त्यात क्रोम नावापुरतेच असते. पोलादावर निकेलचा जाड थर, कधी त्याखाली तांब्याचा, आणि सर्वांत वर क्रोमियमचा पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही हे पातळ आहे. खालचे निकेल वीस ते चाळीस मायक्रॉन भरते. आरशासारखी चमक येते ती निकेलमुळे. वरचे क्रोम त्या चमकेला निळसर छटा आणि संरक्षण देते. क्रोमियमवर हवेतल्या ऑक्सिजनने एक अदृश्य कवच तयार होते आणि ते सहजी गंजत नाही.

मग बंपरवर खड्डे पडतात कसे? क्रोमच्या थराला नजरेला न दिसणारी छिद्रे आणि चिरा असतातच. मिठाचे पाणी त्यातून निकेलपर्यंत पोचते. कवच धरलेले क्रोम आणि उघडे निकेल यांची मिठाच्या पाण्यात विजेच्या घटासारखी जोडी जमते आणि झीज होते ती निकेलची. वर क्रोमचा विस्तीर्ण पृष्ठभाग, खाली उघडे निकेल टाचणीच्या टोकाएवढे. सगळा प्रवाह त्या टोकाशी एकवटतो आणि खड्डा सरळ खाली पोलादापर्यंत जातो. यावर मुलामा देणाऱ्यांनी काढलेले दोन तोडगे मला या साऱ्या विषयातले सर्वांत हुशार काम वाटतात. पहिला, निकेलचे दोन थर द्यायचे : वरच्यात थोडे गंधक, खालचा गंधकाविना. वरचा थर खालच्यापेक्षा लवकर झिजतो, त्यामुळे खड्डा खाली न जाता आडवा पसरतो आणि पोलाद वाचते. दुसरा, क्रोममध्ये मुद्दाम असंख्य सूक्ष्म छिद्रे ठेवायची, चौरस सेंटिमीटरला १० हजारांहून जास्त. गंजाचा प्रवाह इतक्या ठिकाणी विभागला गेला की कुठेच खोल जात नाही. चांगल्या कंपनीचा बंपर दहा हिवाळे काढतो आणि स्वस्तातला दुसऱ्याच वर्षी तांबूस होतो, त्याचे कारण बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या थरांत असते. मालकाने किती घासले याच्याशी त्याचा संबंध कमीच.

डागाच्या रंगावरून दुखणे कुठपर्यंत गेले ते कळते, आणि घासायला घेण्याआधी हे पाहायला हवे. पांढरा धुरकट पापुद्रा म्हणजे वाळलेले मीठ किंवा जड पाण्याचे क्षार, तो निघतो. हिरवट ठिपका म्हणजे निकेल झिजू लागले. तांबूस ठिपका म्हणजे खालचे पोलाद उघडे पडले, किंवा नुसताच ब्रेकचा लोखंडी भुगा वर बसून गंजला. हा दुसरा प्रकार निघतो, पहिला वरवर निघतो आणि परत येतो. पांढरी भुकटी सुटत असेल तर खाली जस्ताचा ओतीव भाग आहे. फुगवटे आले असतील तर मुलाम्याने खालचे अंग सोडले आहे. तिथे दाबाचे पाणी मारले तर पोपडा निघून येईल.

मॉस्कोच्या रस्त्यांनी या चित्रात आणखी एक गोष्ट भरली. तिथे कॅल्शियम क्लोराइडचा वापर मोठा. नव्याकोऱ्या गाड्यांच्या क्रोमवर एकाच हिवाळ्यात पिवळट-तपकिरी डाग पडू लागले. पाहिले तर निकेल शाबूत होते, नाहीसे झाले होते ते वरचे क्रोमच. चिखलातली चिकणमाती आणि कॅल्शियम क्लोराइड यांचा लेप क्रोमवर ओला राहून त्याचे कवच मोडतो आणि तो थर विरघळवतो. मोटार उद्योगात याला 'रशियन मड' म्हणतात. केओलिन माती कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात कालवून मुलाम्यावर फासायची, अशी चाचणीच त्यावर ठरली आहे. म्हणजे चिखल हा नुसता मिठाचा वाहक नाही, मीठ एका जागी ओले धरून ठेवणारे पोटीसही आहे. मळ आठवडाभर तसाच ठेवू नये, याला याहून मोठा पुरावा नको.

क्रोम नसलेले क्रोम

आयोवा राज्यात वॉलकॉट गावाजवळ इंटरस्टेट ८० वर जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रक थांबा आहे. तिथल्या दुकानात चकचकीत सुट्या भागांचे दालन पाहण्यासारखे असते, आणि जुलैत भरणाऱ्या ट्रकवाल्यांच्या मेळ्यात सजवलेल्या ट्रकांची सौंदर्यस्पर्धा होते. पीटरबिल्ट ३७९ किंवा केनवर्थ डब्ल्यू ९०० यांसारख्या लांब नाकाच्या ट्रकवर जे काही लखलखते त्याला सगळे क्रोमच म्हणतात. प्रत्यक्षात इंधनाच्या टाक्या आणि चाके बहुधा पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमची असतात. काचेवरची झापड आणि बाजूच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या. चाकांच्या नटांवरच्या टोप्या आणि पिकअपची जाळी मुलामा दिलेल्या प्लास्टिकची. पोलादावरचे खरे क्रोम म्हणजे मुख्यतः बंपर आणि धुराडी.

हा भेद न ओळखल्याने झालेले नुकसान मिठाने केलेल्या नुकसानापेक्षा कमी नसेल. जे रसायन एकाला मानवते ते दुसऱ्याला मारते. तीव्र अल्कली क्रोमला फारसे काही करत नाही, पण ॲल्युमिनियम करपवते. हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे संडास साफ करायच्या अनेक द्रवांतले आम्ल, क्रोमियमच विरघळवते. बंपरवर ते चुकूनही वापरू नये. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. लोहचुंबक घट्ट चिकटला तर पोलाद किंवा स्वस्त जातीचे स्टेनलेस. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम, प्लास्टिक किंवा चांगले स्टेनलेस. नखाने वाजवले की प्लास्टिक आवाजावरून कळते. राहिले ॲल्युमिनियम : कोपऱ्यात थोडे पॉलिश फडक्याने घासा. फडके काळे झाले तर उघडे ॲल्युमिनियम. झाले नाही तर त्यावर पारदर्शक लेप आहे किंवा तो वेगळाच धातू आहे, आणि लेप असेल तर पॉलिश लावायचेच नाही.

काय चालते, काय चालत नाही

ट्रक थांब्यांवरच्या धुलाई केंद्रांत दोन टप्प्यांची पद्धत रूढ आहे. आधी सौम्य ते मध्यम आम्ल फवारायचे, मग त्यावर अल्कली साबण, मग दाबाच्या पाण्याने दोन्ही उतरवायचे. ब्रश न लावता काजळीचा चिवट पापुद्रा निघतो, कारण आम्लाने क्षार सुटतात आणि अल्कलीने तेलकट भाग. रंगासाठी आणि ट्रेलरसाठी पद्धत चांगली आहे. रसायन प्रमाणात असेल आणि वाळू दिले नाही तर क्रोमलाही ती सोसते. उघड्या ॲल्युमिनियमवर मात्र तिने पांढुरके ओघळ उठतात.

खरी काळजी 'ब्राइटनर' नावाने फवारल्या जाणाऱ्या द्रवाची वाटते. त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ॲल्युमिनियम क्षणात पांढरे करते म्हणून ते खपते. हे आम्ल कातडीतून आत जाते, रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि सौम्य असेल तर तासन्तास दुखतही नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या आणि ट्रक धुणाऱ्या ४८ कामगारांना या आम्लाने भाजल्याची नोंद आहे. ही माणसे तासावर राबणारी. आपल्या चाकांच्या चमकेसाठी त्यांची बोटे पणाला लागू नयेत. धुलाई केंद्रावर ब्राइटनर नको असे स्पष्ट सांगावे, आणि घरी तर तो आणूच नये.

'सॉल्ट न्यूट्रलायझर' या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांविषयी थोडक्यात. मीठ आम्लही नाही आणि अल्कलीही, तेव्हा उदासीन करण्यासारखे त्यात काही नाही. या द्रवांत असतो तो मुख्यतः साबणी अंश, जो मळाची पकड सोडवतो, आणि कधी थोडे गंजरोधक. फवारून भरपूर पाण्याने धुतले तर उपयोग होतो. फवारून तसेच सोडणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. बेकिंग सोड्याच्या घरगुती नुस्ख्याचीही तीच गत.

ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात भिजवून तांबूस ठिपक्यांवर घासायचा, हा उपाय मात्र खरा आहे. क्रोमची कठीणता मोजपट्टीवर साडेआठ, ॲल्युमिनियमची तीनच्या आत, त्यामुळे बोळा गंज खरवडतो आणि क्रोमला ओरखडा काढत नाही. सर्वांत बारीक, चार शून्यांची पोलादी लोकरही चालते, पण ती कोरडी वापरू नये. तिचे तंतू फटीत राहिले की तेच गंजतात, म्हणून पितळी किंवा कांस्य लोकर अधिक बरी. प्लास्टिकवरच्या मुलाम्यावर यांपैकी काहीच नको. आपल्याकडे गॅरेजात रॉकेलचा किंवा डिझेलचा बोळा फिरवण्याची सवय आहे. डांबराचे ठिपके त्याने निघतात हे खरे. पण तेलकट अंश मागे राहिला तर पुढची धूळ त्यावर जमते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात. ठिपक्यापुरते वापरावे आणि साबणाने धुऊन टाकावे. पितळ घासायचे पॉलिश क्रोमवर नको. त्यातली खर पाव मायक्रॉनच्या थराला परवडत नाही.

आता प्रत्यक्ष धुणे. दुपारी तापमान शून्याच्या वर चार-पाच अंश गेले की काम सुरू करावे. पहिली गोष्ट, कोरडे फडके मळाला लावायचे नाही. क्रोम कठीण असले तरी खालचे निकेल मऊ असते, आणि शेजारी रंग आणि प्लास्टिक आहेच. त्या मळातली वाळू सगळ्यांवर रेघा ओढते. आधी नुसत्या पाण्याचा सौम्य मारा, एक-दोन मिनिटे, कडांवर जास्त. साधे मीठ काय, मॅग्नेशियम काय, दोन्ही पाण्यात झटकन विरघळतात. मळातला सर्वांत घातक घटक रसायनाविनाच जातो. मग कोमट पाण्यात गाडीचा उदासीन शाम्पू, मऊ हातमोजा, आणि साबण खालून वर लावत जायचा, म्हणजे ओघळ उठत नाहीत. धुताना वरून खाली.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि निम्मे काम राहून जाते. बंपरची खालची कड आत दुमडलेली असते, तिथे हात घालून पाहा. ओला, वाळूसारखा लगदा हाताला लागतो, कधी मूठभर. नंबरप्लेटच्या मागे, धुक्याच्या दिव्यांच्या खोबणीत, बोल्टच्या डोक्याभोवती, बंपर चासीला धरणाऱ्या पट्ट्यांवर हेच साठलेले. शिवाय बंपरच्या पाठीला मुलामा पुढच्याइतका जाड नसतो. दिसणार नाही म्हणून त्यावर कोणी खर्च करत नाही. पुढे दिसणारे कित्येक तांबूस डाग या पाठीकडून कडेवर आलेले असतात. म्हणून नळी आत घालून, पाठ स्वच्छ पाणी खाली येईपर्यंत धुवायची. येणारे पाणी आधी गढूळ करडे, मग पांढुरके, मग नितळ होते. नितळ झाले की पुरे. शेवटी मऊ टॉवेलने टिपून घ्यायचे. पाणी हवेवर वाळू दिले तर क्षारांचे गोल ठसे राहतात. ते राहिलेच तर पाण्यात निम्मे पातळ केलेले पांढरे व्हिनेगर फडक्याने लावून मिनिटभरात धुवावे, पण फक्त क्रोमवर, ॲल्युमिनियमवर नाही.

धुलाई केंद्रात जाणाऱ्यांनी एक चौकशी करावी : शेवटचे पाणी ताजे असते की पुन्हा वापरलेले? अनेक केंद्रे पाणी गाळून फिरवतात, ते योग्यच आहे, पण गाळल्याने मीठ निघत नाही. शेवटचा हात तरी ताज्या पाण्याचा हवा. धुऊन निघाल्यावर दारांच्या रबरी पट्ट्या पुसाव्यात, नाहीतर सकाळी दार उघडत नाही, आणि थोडे अंतर जाऊन ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत.

चमकेच्या चिंतेत गाडीचे पोट विसरले जाते, हे तर फारच वाईट. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २०१५ मध्ये जुन्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या गंजून फुटणाऱ्या ब्रेकनळ्यांची दीर्घ चौकशी संपवताना सर्वांनाच सूचना दिली होती : मिठाच्या पट्ट्यातल्या २० राज्यांत गाडीचे पोट हिवाळाभर नियमाने धुवा. बंपर गंजला तर मन खट्टू होते. ब्रेकनळी गेली तर माणूस जातो. पाण्याची नळी हातात असेल तेव्हा ती आधी खाली वळवावी.

मेण लावायची वेळ ऑक्टोबर, हवा दहा अंशांच्या वर असताना. कार्नोबा मेण काही आठवडे टिकते, कृत्रिम पॉलिमरचे लेप काही महिने. दोन्ही क्रोमची छिद्रे काही काळ बुजवतात आणि मळाला पकड मिळू देत नाहीत. बंपरच्या पाठीला लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा फवारा उत्तम. दिसायला ओंगळ, पण तिथे कोण पाहतो?

क्रोमचे पुढे काय, हाही या प्रश्नाचाच भाग आहे. मुलाम्याच्या हौदात वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. तयार वस्तूवरचे क्रोम हा निव्वळ धातू, त्याला हात लावण्यात धोका नाही. धोका हौदाशी काम करणाऱ्याला आणि आसपासच्या वस्तीला. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नियम केला की शोभेच्या मुलाम्यासाठी ते १ जानेवारी २०२७ पासून बंद, काही अटींवर २०३० पर्यंत सवलत. पर्याय त्रिसंयुजी क्रोमियमचा आहे. छटा किंचित वेगळी येते आणि जुन्या बंपरशेजारी नवा ओळखू येतो, एवढीच तक्रार. माझ्या मते ही किंमत अगदीच क्षुल्लक आहे. भोसरी-चिंचवडच्या प्लेटिंग कारखान्यांतल्या कामगारांच्या फुप्फुसांचा विचार केला तर आपल्याकडेही हा बदल लवकर यावा.

बर्फ नसलेल्या कोकणात आणि गोव्यात हेच क्लोराइड समुद्राच्या वाऱ्यातून येते. मालवण-रत्नागिरीकडच्या बुलेटच्या मडगार्डवर जे तांबूस ठिपके उठतात ते मिशिगनच्या बंपरवरच्या ठिपक्यांचेच भाऊबंद आहेत. तिथे पावसाळ्यात आपोआप धुलाई होते. जपायचे ते ऑक्टोबरनंतरचे कोरडे, खारट वाऱ्याचे महिने. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन पुसले तरी मोठा फरक पडतो.

ज्यांच्या बंपरवर खड्डे पडून गेले आहेत, त्यांनी पॉलिशवर आणखी पैसे घालू नयेत. गेलेले निकेल कोणत्याही डबीतून परत येत नाही. ठिपके खरवडून, मेण भरून दोन-तीन हिवाळे ढकलता येतील. नंतर नवा बंपर घ्यायचा किंवा जुन्यावर मुलामा करून घ्यायचा. त्या वेळी दुकानदाराला किमतीआधी एवढे विचारा : निकेल किती मायक्रॉन, आणि एक थर की दोन? ज्याला याचे उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.